चार बोटं वरून

अर्धांगवायूनंतर हाताला ज्या गोष्टी नव्याने शिकवाव्या लागतात, त्यांत धरण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. बोटं मिटवणारे स्नायू ताठरलेले असतात, उघडणारे दुबळे पडलेले असतात. महिनोन् महिने व्यायाम केल्यावर पेला तोंडाशी जायला लागतो, पाणी पिऊन होतं आणि मग माणूस आपल्याच बोटांकडे बघत बसतो. "मॅडम, सुटत नाहीये." हाताच्या दुखण्यांवर उपचार करण्याचं काम मी वीस वर्षं करते आहे, आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा मला आठवत नाही.

म्हणून शेवटच्या टप्प्यात आम्ही एक व्यायाम देतो. पाऊण भरलेला स्टीलचा पेला दुसऱ्याच्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवणं त्या मानाने सोपं. टेबल जागचं हलत नाही, बूड टेकलं की वजन उतरतं. समोरच्या माणसाचा हात मात्र तुमच्या हातासारखाच वाटेत असतो. दोघं हात पुढे करतात आणि मध्ये कुठेतरी भेटतात; ती जागा कुणी ठरवलेली नसते. घेणाऱ्याची बोटं वाटेतच उघडायला लागतात, पेल्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. देणारा नकळत वस्तू फिरवतो, म्हणजे कपाचा कान किंवा कात्रीची मूठ समोरच्याकडे यावी. मग एक क्षण असा येतो, की पेला दोघांच्याही हातात असतो. घेणारा अगदी हलकी ओढ देतो. देणाऱ्याच्या बोटांना कळतं, की वजन कमी झालं, आणि जेवढं कमी झालं तेवढीच तो पकड सैल करतो. अर्ध्याएक सेकंदात हे सगळं उरकतं आणि दोघांपैकी कुणालाही आपण काही केलं असं वाटत नाही.

स्वीडनमधल्या उमेओच्या रोलँड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये बोटांच्या पकडीवरचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात. वस्तू किंचित निसटायला लागली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड वाढते; आपल्याला कळायच्या आधी हाताला कळलेलं असतं. त्यांना असंही दिसलं, की आपण वस्तू गच्च आवळून धरत नाही. निसटू नये एवढा जोर आणि त्यावर थोडासा जास्तीचा, बस्स. पुढे यंत्रमानवाने माणसाच्या हातात वस्तू कशी द्यावी हे ठरवायला निघालेल्या कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास माणसामाणसांतली देवघेव मोजली. त्यांना कामाची वाटणी सापडली. वस्तू पडू न देण्याची जबाबदारी देणारा घेतो. वजन जवळजवळ पूर्ण गेल्यावरही तो क्षणभर बोटं लावून ठेवतो. वस्तू नेमकी कधी जाणार हे मात्र घेणारा ठरवतो.

वजनदार कपाट जिन्यावरून उतरवताना आपण हीच वाटणी बोलून दाखवतो. "धरलंस?" "धरलं." "सोडू?" "सोड." वरचा माणूस कितीही दमला असला तरी खालच्याने 'सोड' म्हटल्याशिवाय सोडत नाही. खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारातून चढलेल्या बाईची दहाची नोट पाच-सहा अनोळखी हातांतून कंडक्टरपर्यंत जाते आणि तिकीट, सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. त्या हातांना एकमेकांचं नाव, गाव, आडनाव काही माहीत नसतं. मला ते दृश्य फार आवडतं. आपल्या शहरांमध्ये माणसं इतक्या सहजतेने एकमेकांवर विसंबताना दुसरीकडे क्वचितच दिसतात.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण एका घरी घडलेली गोष्ट आहे. घर कुणाचं ते सांगत नाही.

सत्तरीचे काका, उजवी बाजू गेलेली, आता बरीच सुधारलेली. मी घरी जाऊन व्यायाम घेत असे. पेला काकूंच्या हातात जायला लागला, नंतर नातवाच्या. पण एकाच माणसाच्या ओढीची हाताला सवय झाली तर उपयोग नाही, म्हणून मी प्रत्येक घरी माणसं बदलायला सांगते. त्या दिवशी घरात तिसरं माणूस म्हणजे भांड्यांना येणाऱ्या ताई. मी त्यांना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, काकांसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे जोडून ओंजळ पुढे केली. पेल्याच्या खाली, चार बोटं अंतर ठेवून.

काका थांबले. त्यांच्या बोटांना ओढीची वाट होती आणि ओढ येत नव्हती. ताईंच्या तळव्यांना पेला पडायची वाट होती. दोघंही आपापल्या परीने अगदी बरोबर वागत होते आणि पेला मध्येच लटकला होता. काकांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "ताई, बाजूने धरा, काकांची बोटं लागली तरी चालतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे सूनबाई उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मग ताईंनी पेला धरला, काकांची बोटं एकेक करून उघडली, पाणी थोडं हिंदकळलं.

घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर ती ओंजळच होती. चाळिशीतली बाई, आठ-दहा घरांची कामं करणारी, कुकर-कढया-परातींवर जिचा हात लीलया चालतो, तिला पेला कसा घ्यायचा हे ठाऊक नव्हतं असं नाही. समोरून वस्तू आली की ती वरून येणार, सुटून येणार, हे तिच्या हातांनी इतक्या वर्षांत शिकून घेतलं होतं. मी रोज हातांना शिकवते. हात काय काय शिकतात हे मला माहीत आहे, आणि न शिकवलेलंसुद्धा ते किती पक्कं शिकतात हेही.

मला म्हणायचं आहे ते असं. वस्तू वरून टाकणं, ओट्याच्या कडेला ठेवून 'घे' म्हणणं, पैसे तळहातावर न ठेवता सोडणं, या गोष्टींना आपण सवय म्हणतो, घराघराची रीत म्हणतो. ही अस्पृश्यताच आहे. हा तिचा उरलेला अंश नाही, तिचं मूळ काम करण्याची पद्धतच ही होती. आणि तो घरगुती आवडीनिवडीचा मामला म्हणून सोडून देता येणार नाही. शाळा, कार्यालयं, गृहनिर्माण संस्था अशा जिथे जिथे आपल्याला नियम करता येतात, तिथे तिथे त्याबद्दल नियम झाले पाहिजेत.

मूळ पद्धत का म्हणते? देवघेवीत घेणाऱ्याकडे जो एक अधिकार असतो, 'आता सोड' हे सांगण्याचा, तो वरून टाकल्याने नाहीसा होतो. कधी सोडायचं, किती उंचीवरून, नेमकं कुठे, सगळं देणारा ठरवतो. त्याच वेळी पडू न देण्याची देणाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या अंगावर जाते. नाणं घरंगळलं तर वाकायचं कुणी? चहा सांडला तर पुसायचा कुणी? वाटणी पूर्ण उलटी होते. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखलं आहे. मदतीला आपण हात देतो, मैत्रीला हात पुढे करतो आणि भीक मागायला हात पसरतो. पसरलेला हात म्हणजे वर वळलेला, उघडा, धरण्यासाठी न वळलेला हात. चार बोटं वरून टाकणारा माणूस समोरच्याला दर वेळी हात पसरायला लावतो, मग देणं कष्टाच्या पगाराचं का असेना.

साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना लहान भीमरावांना तहान लागली तर काय करावं लागे, हे डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. इतर मुलं उठून नळावर जात. त्यांना नळाला हात लावायला मनाई होती. नळ कुणीतरी सोडावा लागे, आणि मास्तर ते काम फक्त शिपायाला सांगू शकत. शिपाई नसला तर पाणी नाही. पाणी तेच, नळ तोच, तहान तीच. काढून घेतला होता तो फक्त घेण्याचा क्षण स्वतः ठरवण्याचा हक्क. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने शिपाई यायची वाट बघत बसायचं. ज्या साताऱ्यातल्या शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर १९००, आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, त्याच साताऱ्यातली ही गोष्ट आहे. त्या दिवशी शाळाशाळांत भाषणं होतात. नळाची ही गोष्ट त्यांत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

हे ध्यानात घेतलं की पुढच्या दोन घटनांचा अर्थ आणखी उलगडतो. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी वाटलं नाही, हौद खुला केला. ज्याला तहान असेल त्याने यावं आणि आपल्या हाताने घ्यावं. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर माणसं उतरली तेव्हाही पाणी देणारं कुणी नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला होता. कागदावर पाणी देऊन झालं होतं. ओंजळ तीच होती, जी इतकी वर्षं वरून पडणाऱ्या धारेखाली धरली जात होती. त्या दिवशी ती खाली तळ्यात गेली. नंतर तळं 'शुद्ध' करण्यात आलं, मारहाण झाली, खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा'ची मोहीम चालवली. त्याच बाबांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली होती. ही दोन कामं मला एकमेकांपासून लांबची वाटत नाहीत. बाजारात हमालाच्या पाठीवर पोतं चढवणारे दोघं कधी बघा. ते पोतं टाकत नाहीत, देतात. पाठ खाली आली, पाय रोवले, त्याने हुंकार दिला, की मग हात निघतात. तिथे टाकलं तर मणका जातो, म्हणून तिथे कुणी जात आठवत नाही.

आता आजचं बोलू. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि अमेरिकेतलं मेरिलँड विद्यापीठ यांच्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ मध्ये देशभरातल्या ४२ हजारांवर कुटुंबांना विचारलं गेलं, की घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का. 'नाही' म्हणणाऱ्यांना आणखी एक प्रश्न होता: अनुसूचित जातीच्या व्यक्तीने तुमच्या स्वयंपाकघरात यायला, तुमची भांडी वापरायला हरकत आहे का? दोन्ही मिळून देशातल्या २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या रूपात होकार दिला. महाराष्ट्राचा आकडा ४ टक्क्यांच्या आसपास होता. मध्य प्रदेशात निम्म्याहून जास्त असताना आपल्याकडे ४, म्हणून बऱ्याच मराठी माणसांना बरं वाटलं. फुले-शाहू-आंबेडकरांच्या प्रदेशात एवढं तरी झालंच आहे, आणि ते मी नाकारत नाही.

पण मी ज्या घरांत जाते त्यांतल्या बहुतेकांनी त्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' हेच उत्तर दिलं असतं. त्यांना खरंच वाटतं, की आपण काही पाळत नाही. पकड आणि सोडणं जाणिवेच्या खाली चालतं, हे वर सांगितलं ते याचसाठी. नोट सोडताना आपला हात नेहमीपेक्षा चार बोटं वर थांबला, हे थांबणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ते फक्त खालच्या हाताला कळतं. सर्वेक्षणाने वरच्या हाताला विचारलं. आणि सिंकखाली वेगळा ठेवलेला तो एक कप, कान उडालेला किंवा जुन्या सेटातला उरलेला, त्याला कुणी अस्पृश्यता म्हणतच नाही. "ताईंचा कप" म्हणतात.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. घरकाम करणाऱ्या सगळ्याच बायका दलित नसतात. वेगळ्या कपात मराठा ताईसुद्धा चहा पितात, आदिवासी मावशीसुद्धा, मुसलमान आपासुद्धा. त्यामुळे 'हा जातीचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे' असं म्हणणारे भेटतात. मला वाटतं, जातीने तयार केलेलं हत्यार आता मालक-नोकर नात्याने उसनं घेतलं आहे. हत्यार तेच राहतं. भोगणारे वाढले म्हणून ते निर्दोष होत नाही.

स्वच्छतेचं कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. या कारणाला मी फार वेळ देऊ इच्छित नाही. ज्या हातांनी सकाळी तुमची कणीक मळली, मेथी निवडली, तान्ह्या बाळाला तेल लावलं, त्याच हातांवर महिन्याच्या पाच तारखेला पगार वरून सोडायचा आणि कारण स्वच्छतेचं सांगायचं, हे टिकत नाही.

करोनाचं कारण जरा वेगळं आहे. मार्च २०२० नंतर आपण सगळ्यांनीच हात मागे घेतले. दुकानांसमोर खडूची वर्तुळं आली, गॅलरीतून दोरीला बांधलेल्या पिशव्या खाली सुटल्या, दारात ठेवून जाणं सुरू झालं. ते योग्यच होतं. त्यातलं काही अजून टिकलं आहे आणि तेही नेहमी वाईट नाही. बाळ झोपलं आहे, घरात एकटी बाई आहे, कुणी आजारी आहे. पार्सल दारात ठेवा म्हटलं तर त्यात अपमान नाही. अंतर हा गुन्हा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे, नाहीतर माझं म्हणणं सरसकट स्पर्शाच्या बाजूने आहे असा समज होईल.

शस्त्रक्रियागृहाचं उदाहरण घ्या. सर्जनने हात पुढे करायचा आणि सिस्टरने त्यात अवजार ठेवायचं, हे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. पण सुई किंवा ब्लेड हातातून हातात जाताना टोचलं तर रुग्णाचा आजार लागू शकतो. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हेपटायटिस बी मध्ये, लस घेतलेली नसेल तर, ती कितीतरी जास्त. म्हणून अनेक ठिकाणी आता धारदार अवजारं हातात देत नाहीत. मध्ये एक ट्रे असतो. सिस्टर त्यात ठेवते, सर्जन उचलतो. काम झालं की सर्जनही त्यातच ठेवतो आणि सिस्टर उचलते. जपानमध्ये दुकानात पैसे देताना गल्ल्यापाशी छोटी तबकडी असते. गिऱ्हाईक तिच्यात नोट ठेवतं, दुकानदार उरलेले पैसे तिच्यातच ठेवतो. कुणाचा हात कुणाला लागत नाही, आणि कुणाला कमीपणाही येत नाही.

दोन्ही ठिकाणी अंतर दोन्ही बाजूंनी सारखं आहे. मी लावते ती कसोटी एवढीच. तुम्ही ज्या हातावर वरून पैसे सोडता, तो हात उद्या तुमच्या तळहातावर वरून किल्ली सोडू लागला तर चालेल का? डिलिव्हरीवाल्या मुलासाठी मोठी लिफ्ट बंद असेल तर तुमच्याकडे आलेला पाहुणा कुठल्या लिफ्टने येतो? साहेबांचा कप शिपाई दोन्ही हातांनी समोर ठेवतो. शिपायाला चहा कोण आणि कसा देतं? उत्तर एकाच बाजूला झुकत असेल तर स्वच्छता, सुरक्षितता, शिस्त हे शब्द बाजूला ठेवावेत.

सोवळ्याचंही तेच. देवळात प्रसाद वरून दिला जातो, तीर्थ पळीने सोडलं जातं आणि ते सर्वांना सारखं असेल तर या लेखात माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण ओळखीचा, पदावरचा माणूस गाभाऱ्यापाशी आला की तोच हात खाली येतो, नारळ हातात दिला जातो, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. मीठ हातात देऊ नये, भांडण होतं, अशी समजूत माझ्या आईच्या घरी होती. ती आजीला लागू होती, मला होती, शेजारणीलाही होती. त्यामुळे मिठावरून कुणाचा अपमान झाला नाही.

"त्यांनाच नको असतं," हेही ऐकवलं जातं. आम्ही हातात देतो, त्याच मागे सरकतात. हे खरं आहे. मी त्या ओंजळीचं वर सांगितलंच. पण अर्धांगवायू झालेला रुग्ण हात छातीशी दुमडून बसतो तेव्हा त्याला तसंच हवं असतं असं आम्ही म्हणत नाही. आम्ही त्याच्याबरोबर शंभर वेळा ती हालचाल करतो. मागे सरकणाऱ्या हातासाठी थांबावं लागतं, पेला धरून ठेवावा लागतो, ओढ येईपर्यंत. ते काम वरच्या हाताचं आहे.

कायदा कुठवर पोचतो? राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचं कोणत्याही रूपातलं आचरण निषिद्ध ठरवलं. १९५५ च्या कायद्याने, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, हॉटेलातली, धर्मशाळेतली सर्वांसाठीची भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणखी कडक आहे. पण सिंकखालच्या कपापर्यंत हवालदार पोचणार नाही, आणि तो पोचावा असं मलाही वाटत नाही. राज्यात २००८ मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणीचा, लाभांचा विचार आहे. कामाच्या जागी वागणूक कशी असावी, याची साधी आचारसंहिता त्या मंडळाने काढली तर तिचं वजन पडेल. चहा द्यायचा तर घरातल्याच कपात, पगार हातात किंवा खात्यात, संडास वापरायला मनाई नाही. तीन-चार ओळी पुरतील. (मोबाइलवरून पैसे देणं सुरू झाल्यावर वरून सोडलेल्या नोटा कमी झाल्या, याचा मला आनंदच आहे. त्या बायकांपैकी काहींनी मला तसं बोलून दाखवलं आहे.)

घराबाहेर तर आपल्याला बरंच काही करता येतं. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींमध्ये स्पष्ट लिहावं, की लिफ्ट, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह यांत काम करणाऱ्यांसाठी वेगळी सोय लादणारा ठराव संस्थेला करता येणार नाही. "कामवाल्या व डिलिव्हरी बॉय यांनी ही लिफ्ट वापरू नये" ही पाटी मी एकाहून जास्त इमारतींमध्ये वाचली आहे. ती लावणारी कमिटी निवडून आलेली असते, वार्षिक सभेत तिला प्रश्न विचारता येतो. तो विचारला जात नाही, कारण सभेला बसलेले सगळे मोठ्या लिफ्टने आलेले असतात.

सरकारी खिडक्यांवर कागद परत देण्याची पद्धत बदलायला आदेशसुद्धा लागू नये. रेशनकार्ड, दाखला, पासबुक काउंटरवर भिरकावलं जातं आणि समोरचा ते गोळा करतो. एक इंच हात पुढे करण्याचं हे काम आहे. परिचारिकांना प्रशिक्षणात रुग्णाच्या हातात गोळी कशी द्यावी हे शिकवतात, तसं तलाठी, बँक कर्मचारी, पोलिस यांनाही शिकवता येईल. मी स्वतः शिकवायला तयार आहे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि एक पेला पुरतो.

आणि शाळा. माझी सगळ्यात जास्त भिस्त शाळेवर आहे, कारण मुलांचे हात अजून शिकायचे आहेत. शालेय पोषण आहाराच्या वेळी वाढण्याची पाळी सर्व मुलांवर यावी, पाण्याचा पेला एकाने दुसऱ्याच्या हातात द्यावा, एवढी रीत पडली तरी खूप झालं. वर्षभरात प्रत्येक मुलाने प्रत्येक मुलाच्या हातून काहीतरी घेतलेलं असेल. समतेवरचा धडा पुस्तकात नंतर येतो. तोपर्यंत हात तयार होऊन गेलेले असतात.

आज जगभर अभियंते यंत्राच्या बोटांना ओढ ओळखायला शिकवत आहेत. समोरच्याने नीट धरलं का, आता सोडू का, हे यंत्राला कळावं म्हणून सेन्सर बसवतात, हजारो वेळा चाचण्या घेतात. मी ते व्हिडिओ बघते तेव्हा मला यंत्राच्या हातापेक्षा समोर उभ्या माणसाचा हात जास्त दिसतो. ओढ लागेपर्यंत यंत्र सोडत नाही. ते जात विचारत नाही, कारण त्याला कुणी ती शिकवलेली नाही.

त्या काकांच्या घरचे व्यायाम संपून आता दीड वर्ष झालं. त्यानंतर मी रुग्णांना घरी न्यायला देते त्या कागदात एक ओळ वाढवली: पेला रोज किमान तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात द्यावा, त्यांपैकी एक घरात काम करणारी व्यक्ती असावी. ही ओळ गरजेची आहे का, असं घरचे विचारतात. मी म्हणते, हो, प्रत्येकाची ओढ वेगळी असते, हाताला सगळ्या ओळखता यायला हव्यात. वैद्यकीयदृष्ट्या ते पूर्ण खरं आहे. बहुतेक जण मान डोलावतात आणि करतात. दोन घरांतून कागद परत आला तेव्हा ती ओळ पेनने खोडलेली होती. त्या दोन्ही घरी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.